कोंबडीच्या आधी नाव

जवादने पालुपद पुन्हा एकदा गुणगुणून पाहिलं आणि भुवया उडवल्या.

"सी अल्लाल," मानाचं 'सी' लावून तो म्हणाला, "यात तुझं नाव जरा जास्तच वेळा येतंय."

"चालच तशी आहे," अल्लाल म्हणाला आणि त्याने आपली मातीची ढोलकी पोटाशी घट्ट धरली. आतलं हसू दाबायला ती बरी पडायची.

मलहून या मोरोक्कोच्या जुन्या गायकीत कवीने आपलं नाव गुंफायचं ते शेवटच्या कडव्यात. मेकनेस शहराची ही पूर्वापार रीत. रीत झकास आहे, पण ज्याने ती पाडली त्याला कुणी जेवणावळीत गायला बोलावलं नसणार. कारण शेवटचं कडवं येईपर्यंत परातीही येतात. झाकण उघडलं, केशरातल्या कोंबडीचा वास सुटला, की अख्खी बैठक तिकडे वळते. अल्लालचं नाव आजवर लोकांनी असंच खारवलेल्या लिंबाबरोबर चावून गिळलं होतं. शब्द अल्लालचे, चाल अल्लालची, आणि वाहवा जवादची, कारण गळा जवादचा.

तसा अल्लालही गायचा. आपल्या दुकानात, पिवळ्या चपला शिवता शिवता. शेजारचे कारागीर हातोडी थांबवून ऐकायचे आणि "देवा!" म्हणून मांडीवर थाप मारायचे. पण त्याचा आवाज म्हणजे कोरड्या चामड्यावर फिरवलेली कानस. समारंभाला असला आवाज कोण बोलावणार? तिथे तो रांगेच्या टोकाला, ढोलकी घेऊन. जवादने नुसतं 'आ' केलं की पलीकडच्या खोलीतल्या बायकांच्या बांगड्या वाजायच्या, आणि त्या नेमक्या अल्लालच्या डोक्यात वाजायच्या.

म्हणून या वेळी त्याने नाव थेट पालुपदात घातलं होतं. आता गाळून दाखव म्हणावं!

हाजी बूशतांच्या नातीचं बारसं होतं. सकाळी मेंढा कापून झाला होता, पोरीचं नाव जाहीर झालं होतं, आणि आता भर दुपारी बैठक गच्च भरली होती. जवादने डोळे मिटले, मान कलती केली आणि सूर सोडला.

"दारात कोण?"

"अल्लाल!" साथीदारांनी उत्तर दिलं.

"जळतोय कोण?"

"अल्लाल!"

दुसऱ्या फेरीला बायका उत्तर द्यायला लागल्या. तिसऱ्या फेरीला हाजींचे व्याही, जावई, चुलतभाऊ सगळेच. अल्लालने ढोलकी अशी बडवली की शेजारी ऊदच्या तारा छेडणाऱ्या म्फद्दलने त्याला कोपर मारलं.

"फोडशील रे!"

"फुटू दे."

परात आली. कुणी वळलं नाही. वाढपी झाकणावर हात ठेवून तसाच उभा राहिला आणि तोही ओरडला, "अल्लाल!" अल्लालच्या डोळ्यांत पाणी आलं. कोंबडी हरली होती.

गाणं संपलं आणि बायकांनी जिभा नाचवत आनंदाच्या किलकाऱ्यांनी घर डोक्यावर घेतलं.

"अल्लाल! पुन्हा एकदा, अल्लाल!"

"काय गळा दिलाय देवाने या अल्लालला!"

"आणि दिसतो तरी कसा बघ हा अल्लाल!"

ढोलकीवरचा हात थांबला. सगळ्या माना जवादकडे वळल्या होत्या. जवादने क्षणभर रांगेच्या टोकाकडे पाहिलं. मग उजवा हात छातीवर ठेवला आणि छान लवून मान तुकवली.

"लोकांना नाव फार आवडलं, सी अल्लाल," पाणी प्यायला वाकताना तो हळूच म्हणाला.

अल्लाल ढोलकी टाकून उठला. उंबऱ्यात एक म्हातारी टाचा उंचावून आत डोकावत होती.

"मावशी, अल्लाल मी आहे."

म्हातारीने त्याला टोपीपासून चपलेपर्यंत न्याहाळलं. "असशील रे बाबा. आमच्या एका गल्लीत चार आहेत."

"अहो, ते गाणं माझं आहे!"

"या आवाजात?" ती खुदकन हसली. "चल, हो बाजूला. मला त्याला बघू दे."

तो आपल्या जागेवर येऊन बसला. म्फद्दल ऊदच्या खुंट्या पिळत पुटपुटला, "उभा राहा आणि गाऊन दाखव ना एकदा. दुकानात गातोस तसं."

अल्लालने घसा खाकरला. तो खाकरण्याचा आवाज त्याच्या त्यालाच ऐकू आला, आणि त्याने ढोलकी पुन्हा पोटाशी ओढली.

तेवढ्यात खुद्द हाजी बूशता आले, एका हातात गुलाबपाण्याची झारी, दुसऱ्या हाताने जवादचा दंड धरून. साथीदारांवर गुलाबपाणी शिंपडत रांगेने पुढे सरकले. प्रत्येकाचं नाव विचारत होते, प्रत्येकाला दुवा देत होते. माणूस मोठ्या मनाचा.

"आणि तू रे भाऊ? ढोलकी मस्त वाजवलीस. तुझं नाव काय?"

अल्लालने जवादकडे पाहिलं. जवादच्या दाढीवर गुलाबपाण्याचे थेंब चमकत होते.

"जवाद," अल्लाल म्हणाला.

म्फद्दलच्या हातून खुंटी सटकली. जवादचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. अल्लालला आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. घे, झाली फिट्टंफाट.

"देव तुझं भलं करो, जवाद," हाजी म्हणाले आणि त्यांनी त्याच्याही डोक्यावर गुलाबपाणी शिंपडलं. "आता जरा सरक बघू पलीकडे. अल्लालला जेवायला बसायचंय."

तो सरकला.