हिरवं पुडकं
तैवानमधल्या तायचुंगच्या आमच्या स्क्रू कारखान्यात अकरा वर्षं कॉम्प्युटर मीच सांभाळला. तो शहाण्यासारखा वागावा म्हणून, इथल्या रिवाजाप्रमाणे, त्याच्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पुडकं ठेवायचा मानही माझाच. कुणाला फोडू द्यायचं नाही, मुदत संपायच्या आत बदलायचं. मग ऑफिसात नवी मुलगी, यी-ज्युन, आली, आणि साहेबांच्या तोंडी उठता-बसता तिचंच कौतुक. तिला ढवळाढवळ करता येऊ नये म्हणून काल मी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं खातंच बंद केलं. माझं साधं खातं पुरेल असं वाटलं. आज सकाळी ते बंदरावर पाठवायच्या मालाची फाइलच उघडू देईना, आणि परवानगी देणारं खातं तर मीच बंद केलेलं. साहेबांनी तिला बोलावलं. तिने कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये सुरू केला आणि दहा मिनिटांत ते खातं परत चालू केलं. ते कधी बंद झालं, तेही पडद्यावर आलं: काल दुपारी बारा-दहा. "जेवायला चला ना, लिआओताई," म्हणून तिने तेव्हाच मला विचारलं होतं, आणि मी एकटीच मागे थांबले होते. माझ्याकडे बघत तिने ते पान मिटलं. "काय झालं होतं गं?" साहेबांनी विचारलं. "काही नाही साहेब, पुडक्याची मुदत संपली होती." "तरीच! अहो लिआओबाई, एवढंही लक्ष राहत नाही? आता पुडकं हीच ठेवेल." पुडकं परवाच आणलेलं, वर्षभर चाललं असतं. मी ते उचललं आणि तिच्यासाठी जागा केली.