चौथा नोझल

चौथ्या नोझलला सुलाचे पीठ मळणारे हात थांबले.

पडद्यापलीकडे दुकानात तिचे सासरे, जोतिबा मिस्त्री, लालासाहेबांच्या जर्मन गाडीचे नोझल तपासत होते. गाडी अठरा वर्षं जुनी. इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणारे सहा नोझल असलेली असली गाडी सांगलीत कुणी उघडून पाहिली नव्हती. पुण्याच्या एका मिस्त्रीने सहाही बाद ठरवले होते, आणि नवे आणायचे तर परदेशातूनच. मुंबईतली जुन्या गाड्यांची मिरवणूक दोनच दिवसांवर आली होती. लालासाहेबांनी शिराळ्याहून गाडी ट्रकवर चढवून आणली होती आणि ती बघायला दुकानाबाहेर सगळा रस्ता गोळा झाला होता.

जोतिबा एकेक नोझल हातपंपाला लावून दांडा दाबत. नोझलच्या तोंडातून तेलाचं धुकं उडे, आणि नोझल ठणठणीत असला की तो कुर्र, कुर्र बोले. लग्न होऊन आल्यापासून सहा वर्षं सुला तो आवाज ऐकत होती. पहिले तिन्ही बोलले. चौथा नुसता फुसफुसला.

“ह्यो बी झ्याक हाय,” जोतिबा म्हणाले.

 मामांना कमी ऐकू येतंय, असं वर्षभर सुलाच्या मनात होतं. आज खात्रीच झाली. असला नोझल गळतो, कच्चं पेट्रोल सिलिंडरातलं तेल धुऊन नेतं आणि भर घाटात इंजिन धरतं, जागीच अडकून बसतं, हे मामांनीच गिऱ्हाइकांना किती वेळा सांगितलेलं. गिऱ्हाइकासमोर ती कधी आली नव्हती. तिने पिठाचे हात पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि पडदा सारला.

“मामा, चवथा बोलत न्हाई.”

जोतिबांना फक्त तिचे ओठ हललेले दिसले. “काय म्हनलीस?”

ती जवळ गेली. “चवथा मुका हाय.”

“फवारा मी माझ्या डोळ्यांनी बघितला की,” शेजारी उभे असलेले लालासाहेब म्हणाले. “मिस्त्री, आता सुना पास-नापास करायला लागल्या व्हय?”

 जोतिबा सुनेकडे बघत राहिले. सुलाने मान खाली घातली, पण मागे सरली नाही.

“जोरानं दाबलं की फवारा चांगलाच दिसतोय,” ती म्हणाली. “त्याचं तोंड पुसा, मामा. आन दांडा हळू दाबून धरा.”

जोतिबांनी चिंधीने नोझलचं तोंड कोरडं केलं. फवारा उडणार नाही इतपतच दांडा दाबला आणि धरून ठेवला. तिघंही वाकून बघायला लागले.  नोझलचं तोंड कोरडंच.

“बघा,” लालासाहेब सरळ होत म्हणाले, “काय बी—”

टोकाला थेंब आला. फुगला, लोंबला आणि टपकन खाली ठेवलेल्या परातीत पडला. मागोमाग दुसरा.

जोतिबांनी नोझल खोलला. आतली सुई बाभळीच्या काट्याएवढी. सुईच्या टोकाजवळ शिळ्या पेट्रोलचा काळा चिकटा बसला होता. लाकडाच्या काडीला चरबी लावून त्यांनी सुई घासली, धुतली, पुन्हा जोडली. मग ते स्टुलावरून उठले.

“बस. तू दाब.”

सुलाने दांडा धरला. दाबला. एकदा काहीच नाही. दुसऱ्यांदा दाबताच कुर्र, कुर्र, अगदी खणखणीत. तिला हसूच फुटलं. तिने पदर तोंडावर घेतला. जोतिबा नोझलकडे बघतच नव्हते. तिचे हसरे डोळे बघून त्यांनी मान डोलावली.

“आता पाचवा लाव.”

तिने पाचवा लावला. तेवढ्यात बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला, हशा उसळला. सुलाचा हात थांबला.

“गलका लय हाय, मामा.”

जोतिबा दारात जाऊन उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात वर केले.

“गप ऱ्हावा जरा, गड्यांनो,” ते म्हणाले. “सून ऐकतीया.”