बिराप्पाचं रडणं

नागूबाईला न्हाऊ घालून अंगणात ठेवलं, तरी तिचा नवरा बिराप्पा रडला नव्हता. लिंबाच्या खोडाला टेकून तो नुसता बसून होता. मातीला आलेली माणसं त्याच्याकडं बघून आपसांत कुजबुजत होती.

त्याचं रडणं सगळ्यांना ठाऊक होतं. पाच महिन्यांमागं भूमच्या रस्त्यावर एका ट्रकनं त्याची अकरा मेंढरं चिरडली, तेव्हा मेलेलं कोकरू मांडीवर घेऊन त्यानं टाहो फोडला होता. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं. चाळीस लाख लोकांनी बघितलं. तेव्हापासून बाजारात लोक त्याला थांबवत, खांद्यावर हात टाकून फोटो काढत आणि म्हणत, "आबा, तसं एकदा रडून दाखवा की." आधी त्याला राग यायचा. मग चहा पाजणाऱ्यांचं मन मोडवेना म्हणून एकदा त्यानं रडून दाखवलं. पुढं पुढं ते सहज जमायला लागलं.

लेक दैवशाला सासरहून आली आणि आईच्या पायांवर पडली. "आबा, आई गेली वो."

बिराप्पा उठून नागूबाईजवळ आला. त्यानं नागूबाईचा हात धरला. हात गार पडला होता. मनगटावर गोंदलेलं त्याचं नाव सुरकुत्यांत दुमडलं होतं. त्याच्या तोंडून आवाज फुटला, लांब, वर चढत जाणारा, मधेच तुटणारा.

अंगणात चार-पाच मोबाईल वर झाले. "त्येच हाय, हुबेहूब त्येच," मागं कुणीतरी हळूच बोललं.

बिराप्पालाही ते कळलं होतं. त्याची मूठ छातीवर आपटायला निघाली होती, नेहमीसारखी. मान आपसूक उजेडाकडं वळली होती. त्यानं पटक्याचं टोक तोंडात कोंबलं आणि तो गप्प झाला.

"रडा, आबा," दैवशाला म्हणाली. "आत ठिवू नका."

त्यानं तिला जवळ ओढलं. "पोरी, फोनात यायच्या आधी म्या कसा रडत व्हतो गं? तुझी आज्जी गेली तवा तू व्हतीस की."

दैवशालानं डोळे पुसले. बापाच्या तोंडाकडं बघत ती बराच वेळ आठवत राहिली.

"मलाबी आता फोनातलंच दिसतंय, आबा."