कडूबाचं समाधान

“पाचवा प्रश्न, काका. आपलं बोलणं तिसरं कुणी ऐकत नाही ना?”

वैदेही म्याडम संभाजीनगरात सातव्या मजल्यावर बसून मोबाइलमधून विचारत होती. कडूबा वैजापूरकडच्या वस्तीवर, कोरड्या हौदाच्या कट्ट्यावर बसला होता. उपचारानं समाधान झालं का, या पाहणीचे पहिले चार प्रश्न त्यानं “झकास, झकास” म्हणत उडवले होते, आणि ते खरंच होतं. बायको गेल्यावर त्यानं आधी बोलणं टाकलं, मग जेवण. तेव्हा दवाखान्यानं ही समुपदेशक बाई मोबाइलवर जोडून दिली. आता तो दर मंगळवारी मन मोकळं करायचा आणि रात्री घोरायचा. गुण तर असा, की भाकरीची आठवण काढली त्याच संध्याकाळी दारात गरम भाकरी! एवढा हातगुण त्यानं कुठल्या डॉक्टरचा पाहिला नव्हता, आणि ही बाई तर नाडीलाही हात लावत नव्हती.

कडूबानं मागं वळून पाहिलं. नेहमीसारखीच रांग होती, हंडे होते. त्याला कानानं कमी, म्हणून मोबाइलचा आवाज फुल्ल.

“बाया हायेत की. पाण्याच्या रांगेत. रेंज हितंच घावती, म्याडम.”

“दर वेळी असतात?”

“व्हय.”

खोटं बोलता आलं असतं. पण जिनं आपल्याला जेवायला लावलं तिच्याशी खोटं कसं बोलणार? आणि रांगेकडे त्याचं लक्ष कधी गेलंच नव्हतं. पाणी हे वस्तीवर बायकांचं खातं. त्याच्या दारात हंडा भरलेला असायचा, बायको होती तेव्हाही आणि आताही. कोण भरतं, हे विचारायचं त्याला सुचलं नव्हतं.

“मग काका, हे थांबवावं लागेल. नियम आहे. घरातून बोलता येईल का?”

“घरात रेंज नाय.” घरात कुणीच नाय, हे तो बोलला नाही.

फोन बंद झाला. कडूबा गुडघ्यावर हात टेकून उठला. पुढचा मंगळवार त्याला आत्ताच दिसायला लागला होता: चार भिंती आणि तो.

“घ्या बायांनो, मोकळा केला कट्टा. भरा पाणी.”

कुणी हललं नाही. शेजारच्या साळूबाईनं आपला रिकामा हंडा पालथा घातला आणि त्यावर ऐसपैस बसली.

“बसा की भाऊजी, अन् बोला. टँकर तर बुधवारी येतो.”