बदली खडे

समुद्रतळावर आखलेल्या चौकटीत एकेचाळीस खडे होते. त्यातले चार खरे, निकेल-कोबाल्टचे. उरलेले सदतीस शलाका तांडेलने चिनीमातीत घडवलेले. नऊ वर्षांपूर्वी खाणीच्या यंत्राने तिथले खरे खडे उचलले, तेव्हा तळावरच्या जिवांना बसायला हे बदली खडे ठेवले होते. आज त्यांवर एकही जीव सापडला नाही, तर खाणीचा परवाना संपणार होता.

पाच किलोमीटर वर, जहाजावरच्या पडद्यावर एका बदली खड्यावर पांढरा ठिपका दिसला.

“गाळ असेल गं,” रोबो चालवणारा इम्तियाज मुकादम म्हणाला. “मघाशीही तू गाळाचंच बारसं करायला निघाली होतीस.”

“मग पाण्याचा फवारा मार. गाळ असेल तर उडेल,” शलाका म्हणाली.

“आणि जीव असला, तुटला तर?”

“नाही तुटणार. धरून बसता यावं म्हणूनच मी हे खडे खरखरीत केलेत. मार जोरात.”

इम्तियाजने रोबोची नळी जवळ नेली. फवारा सुटताच पडदा करडा झाला. पाणी निवळलं तेव्हा ठिपका जागेवरच होता, बारीक देठावर डोलत. शलाकाने त्यावर मोजणीचे लेसर रोखले.

स्पंज, जिवंत. उंची सव्वाचार मिलिमीटर.