हत्तीचे भाऊबंद

पाटीवरचा रंग अजून ओला होता आणि घूसमावशीने कपाळावर हात मारून घेतला.

"अहो पेंटर, मी 'भाऊबंद' लिहा म्हटलं होतं!"

"मग तेच लिहिलंय की."

"'भाऊबंदकी' लिहिलंय तुम्ही!"

पेंटरने मान तिरकी करून वाचलं. 'हत्ती आणि हायरॅक्स : आफ्रिकेतली भाऊबंदकी'. तो ओशाळला. "हात सवयीने पुढे गेला हो. आमच्या घरात एक शब्द आला की दुसरा येतोच."

मावशी प्राणिसंग्रहालयात हायरॅक्स सांभाळायची. दिसायला घुशीसारखा, आकाराने सशाएवढा हा प्राणी, म्हणून तिला हे नाव पडलेलं. हत्तीच्या आवाराला लागून असलेल्या त्याच्या पिंजऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. शेवटी साहेबांनी ठरवलं, पिंजरा पाडून जागा हत्तीला द्यायची आणि हायरॅक्स दुसऱ्या गावी पाठवायचे. मावशीचा जीव तीळतीळ तुटत होता. हा हत्तीचा नातलग आहे हे कळलं तर लोक थांबतील, पिंजरा वाचेल, एवढ्याच आशेने तिने पाटी करवून घेतली होती.

पेंटर रंग पुसायला रॉकेल आणायला गेला, तेवढ्यात गर्दी जमली.

"एवढासा हा, त्या धिप्पाडाचा भाऊबंद?"

"मग! नखं बघा, हत्तीसारखीच," मावशी म्हणाली. "आणि सुळे! दोघांचेही पुढच्या दातांपासूनच झालेले. मूळ पुरुष एकच आहे."

"ते असू द्या हो. भांडण कशावरून?"

मावशी बोलून गेली, "जागेवरून. मोठ्याला धाकट्याची जागा हवीय."

झालं! गर्दी पेटली. "मोठे मेले असलेच!" "खाऊन खाऊन माजलाय नुसता!" एका बाईंनी तर जाळीला तोंड लावून हायरॅक्सला बजावलं, "कुठेही सही करू नकोस हो बाळा." पलीकडे हत्ती बिचारा कान हलवत गवत खात होता. आपण घर बुडवायला निघालोय याचा त्याला पत्ताच नव्हता.

गलका ऐकून साहेब आले. त्यांनी पाटी वाचली, लोकांचं ऐकलं.

"आत्ता पुसतो, साहेब," रॉकेलचा बोळा घेऊन आलेला पेंटर पुटपुटला.

साहेब खडकावर ऊन खात बसलेल्या हायरॅक्सकडे बराच वेळ बघत राहिले.

"पाटी राहू दे," ते म्हणाले. "पिंजराही राहू दे. घरात मीसुद्धा धाकटाच आहे."