जिवंत नमुना

भिंतीवर ऊ आली तेव्हा वर्ग आधी मागं सरकला आणि मग ओरडला.

पुरुषभर लांब होती. पोट काचेसारखं आरपार, आतलं आतडं काळपट लाल, आणि ते सारखं आकसत, फुगत होतं. नख्यांनी तिनं एक केस धरून ठेवला होता. केस दोरखंडाएवढा दिसत होता.

"सगळ्यांना दिसतंय ना?" स्नेहलनं विचारलं.

बी.एड.चा हा तिचा शेवटचा पाठ होता, वार्षिक परीक्षेचा. परीक्षक मागच्या बाकावर बसले होते. तंत्रज्ञानाच्या वापराला वेगळे गुण होते. काचपट्टीवरचा नमुना भिंतीवर मोठा करून दाखवणारा, कॉलेजातला मायक्रोप्रोजेक्टर रिक्षात मांडीवर धरून ती नाशिक रोडच्या या शाळेत घेऊन आली होती. दुपारी भारनियमन असायचं, म्हणून तिनं सकाळचा तास मागून घेतला होता.

सूक्ष्मदर्शकापुढं मुलांची रांग लावली की काय होतं, ते तिनं सरावपाठात पाहिलं होतं. प्रत्येक जण एक डोळा मिटतो, स्वतःच्याच पापण्या बघतो आणि "दिसलं, मॅडम" म्हणून पुढं जातो. काय दिसलं ते कळायला मार्ग नसतो. भिंतीवर तसं नाही. एकच गोष्ट, एकाच वेळी, सगळ्यांना. शिकवणं म्हणजे याहून वेगळं काय असतं, असं तिला वाटलं.

"ही दुसऱ्याच्या रक्तावर जगते. म्हणून ही कोण?"

"परजीवी!"

"आणि ज्याच्या रक्तावर जगते, तो?"

"पोशिंदा!"

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "मी एक विचारू का, मॅडम?"

"विचारा ना, सर."

"मुलांनो, या उवेचा पोशिंदा कोण?"

"माणूस!"

"माणूस तर झालाच. मी या उवेचं विचारतोय. हिच्या पोटात दिसतंय, ते रक्त कोणाचं?"

परीक्षकांनी स्नेहलकडं पाहिलं. "नमुना कुठून मिळवलात?"

'दवाखान्यातून' हे उत्तर तिनं ठरवून ठेवलं होतं. शाळा भरायच्या आधी, प्रयोगशाळेच्या दाराआड, तिनं सविता भोयेच्या केसांतून फणी फिरवली होती. सविता याच वर्गातली, पेठ तालुक्याकडची, वसतिगृहात राहणारी. "तुझ्यावाचून माझा पाठ व्हायचा नाही बघ," स्नेहल तिला म्हणाली होती. "आणि नाव कोणाला कळणार नाही." सविता मान खाली घालून, जराही न हलता बसली होती.

पण दवाखान्यातून आणलेला नमुना म्हणजे आयतं साधन. परिसरातून शोधून आणलेल्या साधनाला परीक्षक जास्त गुण देतात, हे बी.एड.च्या सगळ्यांनाच माहीत होतं. स्नेहलनं फक्त सविताकडं पाहिलं. नुसतं बघायला लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ.

मॅडम अडल्यात, एवढंच सविताला कळलं. ती उभी राहिली.

"माझं रगत हाय, मॅडम."

कोणी हसलं नाही. अजून कोणाला उमगलं नव्हतं. तेवढ्यात, वर्षभर घोटून घेतलेलं वाक्य स्नेहलच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं.

"पूर्ण वाक्यात सांग."

सविता ताठ झाली. तिनं शब्द जुळवले. "त्या उवेच्या पोटातलं रक्त माझं आहे."

आता उमगलं. आधी मुली हसल्या, मग मुलं.

"सवे, तुझी म्हैस बघ भिंतीवर चरतीय!"

"तरीच म्हटलं, ही दिवसभर डोक्यावर तबला कशाला वाजवती!"

शेजारची शुभांगी दोन्ही वेण्या पुढं घेऊन बाकाच्या टोकाला सरकली.

बरोबर उत्तराला शाबासकी द्यायची आणि तेच उत्तर आणखी दोघांकडून वदवून घ्यायचं, असा पाठाचा नियम होता. त्यालाही गुण होते. परीक्षकांनी पेन पुन्हा उचललं होतं.

"शाब्बास, सविता," स्नेहल म्हणाली. "आता हेच आणखी कोण सांगेल?"

वर्गातले सगळे हात वर झाले. पाठ सुरू झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं.

"लखन, तू सांग."

"मॅडम, त्या उवेच्या पोटातलं रक्त सविताचं आहे!"

"बरोबर. आता मागून कोणीतरी. समाधान?"

"त्या उवेच्या पोटातलं रक्त सविताचं आहे, मॅडम!"

सविता अजून उभीच होती. तिला बस म्हणायचं राहून गेलं होतं. तिचा हात डोक्याकडं गेला आणि वाटेतच थांबला. भिंतीवरची ऊ दिव्याच्या आचेनं केस सोडून पाय झाडायला लागली.

"बघा," स्नेहल म्हणाली, "पोशिंद्यापासून लांब गेली की ही फार जगत नाही."

पाठ संपल्यावर व्हरांड्यात परीक्षकांनी चहाचा कप हातात घेतला.

"उत्तम. जिवंत साधन, मुलांचा सहभाग, सगळंच. एवढा बोलका वर्ग मी या वर्षी कुठं पाहिला नाही."

"थँक्यू, सर."

"एकच सूचना. त्या मुलीला पुढं बोलवायला हवं होतं. भिंतीपाशी, उजेडात उभी करायची. आम्हाला मागून तिची नुसती पाठ दिसली."

"हो, सर," स्नेहल म्हणाली. "उद्या याच वर्गावर माझ्या मैत्रिणीचा पाठ आहे. तिला सांगून ठेवते."